दोन महायुद्धांमधले एकच वर्ष निवडायचे तर १९३१

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले एकच वर्ष बारकाईने अभ्यासायचे ठरवले तर ते कोणते घ्यावे? तारखा पाठ होतात, पण व्हिएन्नातली बँक, मांचुरियातला स्फोट आणि लंडनची गोलमेज परिषद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की ती केवळ एका पानावर छापलेली यादी आहे, हे कळत नाही.

पदवीच्या वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून मी १९३१ हेच वर्ष सांगेन. बहुतेक विद्यार्थी १९२९ किंवा १९३३ सुचवतात आणि त्यात त्यांची चूक नाही. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळणे आणि हिटलर चान्सेलर होणे या दोन्ही घटना ठळक आहेत. पण १९२९ नंतरच्या मंदीसारख्या मंद्या त्यापूर्वीही येऊन गेल्या होत्या आणि वर्षा-दोन वर्षांत ओसरल्याही होत्या. १९३० च्या अखेरीपर्यंत हीसुद्धा ओसरेल असे मानणारे जाणकार कमी नव्हते. ती ओसरली नाही, उलट तिने बँका, चलने, मंत्रिमंडळे आणि शेवटी राष्ट्रसंघाची, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, पत एकामागून एक गिळली, ते १९३१ मध्ये. हे वर्ष नीट समजले की १९३३ कडे पाहताना आश्चर्य वाटत नाही.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ, कारण त्यांच्याशिवाय पुढचे सगळे अधांतरी राहील.

पहिली गोष्ट कर्जाच्या साखळीची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने फ्रान्स, ब्रिटन आणि इतर दोस्तांना युद्धभरपाई द्यायची होती. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी युद्धकाळात अमेरिकेकडून घेतलेली कर्जे फेडायची होती. आणि जर्मनीला भरपाईचे हप्ते जमावेत म्हणून अमेरिकेतल्या बँका जर्मनीला कर्ज देत होत्या, त्यातले बरेचसे अल्पमुदतीचे. याची टोपी त्याच्या डोक्यावर असा हा व्यवहार होता, आणि अमेरिकेतून नवे कर्ज येत राहील तोवरच तो चालणार होता. १९२९ च्या यंग योजनेने भरपाईचे हप्ते १९८८ पर्यंत आखून दिले होते. वर्गात हे वर्ष सांगितले की मुले हसतात.

दुसरी गोष्ट सुवर्णपरिमाणाची. प्रमुख देशांनी आपल्या चलनाची किंमत सोन्याच्या ठरावीक वजनात बांधलेली होती. त्यामुळे चलनांमधली हुंडणावळही बांधलेली होती. एका पौंडाला ४.८६ डॉलर हा दर अढळ मानला जाई. देशातून सोने बाहेर जाऊ लागले तर व्याजदर वाढवायचा, सरकारी खर्च कापायचा आणि परदेशी ठेवीदाराला भरवसा द्यायचा, असा नियम होता. भरभराटीच्या दिवसांत हा नियम शहाणपणाचा वाटे. मंदीत मात्र तो नेमका उलटा पडे, कारण बेकारी वाढत असताना पैसा महाग करायचा आणि पगार कापायचे असा त्याचा अर्थ होई. हे आज आपल्याला स्वच्छ दिसते. त्या काळच्या अर्थमंत्र्यांना सुवर्णपरिमाण सोडणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे वाटे, आणि ती भावना खोटी नव्हती.

आता मे महिन्यात व्हिएन्नाला जाऊ. क्रेडिटअनस्टाल्ट ही ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी बँक. तिच्या अध्यक्षस्थानी रॉथशिल्ड घराण्यातली व्यक्ती होती, आणि देशातल्या उद्योगधंद्यांचा मोठा हिस्सा तिच्या कर्जावर उभा होता. १९२९ मध्ये सरकारच्या आग्रहामुळे तिने दुसरी एक बुडती बँक पदरात घेतली होती आणि त्या बँकेचे खड्डे आता तिच्या ताळेबंदात आले होते. शुक्रवार ८ मे रोजी बँकेने सरकारला तोट्याची कल्पना दिली आणि सोमवार ११ मे रोजी ती बातमी जाहीर झाली. तोटा १४ कोटी शिलिंगांचा होता, म्हणजे भागभांडवल जवळजवळ पूर्ण पुसून टाकणारा. ठेवीदारांची रांग लागली, ती देशातलीही आणि परदेशातलीही.

इथे राजकारण आडवे आले. मार्च महिन्यात जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी आपसात जकातसंघ करण्याचा, म्हणजे एकमेकांच्या मालावरची जकात काढून टाकण्याचा, बेत जाहीर केला होता. फ्रान्सला त्यात दोन्ही देशांच्या एकीकरणाची पहिली पायरी दिसली. परिणामी ऑस्ट्रियाला तातडीने कर्ज देऊ शकणारा आणि सोन्याने भरलेला देश असूनही फ्रान्सने मदतीला राजकीय अट घातली. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ५ सप्टेंबरला ८ विरुद्ध ७ अशा काठावरच्या बहुमताने हा जकातसंघ करारभंग ठरवला, पण त्याच्या दोनच दिवस आधी दोन्ही देशांनी तो बेत स्वतःहून सोडून दिला होता. न्यायालयाच्या निकालाला विचारायला कोणी उरले नव्हते.

व्हिएन्नाची आग बर्लिनला पोचली असे पुस्तकांत एका ओळीत लिहिलेले असते. मला ते वाक्य अपुरे वाटते. जर्मन बँकांचे दुखणे बरेचसे घरचेच होते. परदेशी अल्पमुदतीच्या ठेवींवर दीर्घमुदतीची कर्जे देण्याची त्यांची जुनी खोड होती, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चान्सेलर ब्र्यूनिंग यांच्या सरकारने नवा कपातीचा हुकूम काढताना भरपाईचा बोजा आता पेलवत नाही असे जाहीरपणे म्हटले. हे विधान देशांतर्गत टीका थोपवण्यासाठी होते, पण परदेशी ठेवीदारांनी त्याचा सरळ अर्थ लावला की आपलेही पैसे अडकणार. त्यातच नॉर्डवोले या लोकर कंपनीचे दिवाळे बाहेर आले आणि तिला भरमसाट कर्ज दिलेली डानाट बँक सोमवार १३ जुलै रोजी दारे बंद करून बसली. त्यानंतर दोन दिवस जर्मनीतल्या सगळ्याच बँका बंद ठेवाव्या लागल्या. परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले, आणि नाव सुवर्णपरिमाणाचे असले तरी मार्कचा मोकळा व्यवहार तिथेच संपला. पुढे नाझी राजवटीने वापरलेली परकीय चलनाची यंत्रणा तिने शून्यातून उभारलेली नाही. तिचा पाया या जुलै महिन्यातला आहे.

मध्यंतरी २० जूनला अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी भरपाई आणि युद्धकर्जे या दोन्हींचे हप्ते एक वर्ष थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव धाडसी आणि योग्य होता. पण आपल्याला आधी विचारले नाही म्हणून फ्रान्स रुसला, ६ जुलैपर्यंत घासाघीस चालली आणि तेवढ्या पंधरवड्यात बर्लिनमधून सोने वाहून गेले.

जुलैच्या उत्तरार्धात ठेवीदारांची नजर लंडनकडे वळली. ब्रिटिश बँकांचे पैसे जर्मनीत गोठले होते, म्हणून लंडनमध्ये ठेवी असलेल्या परदेशी लोकांनी आपापले पैसे काढायला सुरुवात केली. ३१ जुलैला सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या सर जॉर्ज मे यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात अंदाजपत्रकात १२ कोटी पौंडांची तूट येईल असे भाकीत होते आणि बेकारभत्त्यात मोठी कपात सुचवली होती. मजूर पक्षाचे सरकार, पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड, आणि परदेशी बँकांकडून कर्ज हवे असेल तर बेकारांचा भत्ता कापून दाखवा असा आग्रह. २३ ऑगस्टला मंत्रिमंडळात दहा टक्के कपातीवर मते पडली ती ११ विरुद्ध ९. बहुमत मिळाले, पण नऊ मंत्री राजीनाम्याच्या तयारीत असताना सरकार टिकणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी, पुन्हा सोमवारीच, मॅकडोनाल्ड यांनी विरोधकांना बरोबर घेऊन राष्ट्रीय सरकार बनवले आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना पक्षाबाहेर काढले.

थोडे थांबून एक गंमत सांगतो. ११ मे, १३ जुलै, २४ ऑगस्ट आणि २१ सप्टेंबर या चारही तारखा सोमवारच्या आहेत. हा योगायोग नव्हे. बाजार शनिवारी दुपारी बंद झाले की मंत्री आणि बँकर्स बंद दारांआड बसत आणि सोमवारी बाजार उघडण्याआधी काहीतरी जाहीर करावेच लागे. ‘सोमवारांचे वर्ष’ म्हणून १९३१ लक्षात ठेवलेले विद्यार्थी सनावळीत चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

नव्या सरकारने कपात केली, पण ती विषम होती. आरमारातल्या जुन्या वेतनश्रेणीच्या सामान्य खलाशांचा रोज ४ शिलिंगांवरून ३ शिलिंगांवर आला, म्हणजे पंचवीस टक्के घट. वरच्या अधिकाऱ्यांची घट टक्केवारीत याहून पुष्कळ कमी होती. १५ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन येथे नांगरलेल्या युद्धनौकांवरच्या खलाशांनी समुद्रात जायला नकार दिला. रक्त सांडले नाही, तोफ उडाली नाही. खलाशी डेकवर जमून जयघोष करत राहिले आणि नांगर उचलले गेले नाहीत, एवढेच. पण ब्रिटिश आरमारात बंड झाले ही बातमी जगभर गेल्यावर परदेशी ठेवीदाराच्या लेखी उरलासुरला विश्वासही संपला. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मॉन्टेग्यू नॉर्मन प्रकृतीमुळे कॅनडाला गेले होते आणि परतीच्या बोटीवर होते. ते किनाऱ्याला लागण्यापूर्वीच, सोमवार २१ सप्टेंबर रोजी, ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. ४.८६ डॉलरचा पौंड डिसेंबरात साडेतीन डॉलरच्याही खाली गेला होता.

आकाश कोसळले नाही, ही या कथेतली खरी मेख आहे. व्याजदर पुढे खाली आणता आले आणि ब्रिटनची घसरण इतरांच्या तुलनेत लवकर थांबली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क लगेच त्याच वाटेने गेले. ज्या देशांनी सोने घट्ट धरून ठेवले त्यांचे हाल लांबले. अमेरिकेचेच पाहा : पौंडानंतर डॉलरची पाळी या भीतीने सोने बाहेर जाऊ लागल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबरात एका आठवड्याच्या अंतराने व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला, आणि त्या एका महिन्यात पाचशेहून अधिक बँका बुडाल्या. वर्षभरात ही संख्या सुमारे २,३०० झाली. १९२९ चा शेअरबाजार सर्वांना ठाऊक असतो, पण खेड्यातल्या अमेरिकन शेतकऱ्याची ठेव बुडाली ती बहुधा अशा एखाद्या बँकेत.

आता पौंड सोन्यावरून उतरला त्याच्या तीन दिवस मागे जाऊ. शुक्रवार १८ सप्टेंबरच्या रात्री दहा-सव्वादहाच्या सुमारास ईशान्य चीनमधल्या मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ, लिउत्याओहू येथे, जपानच्या मालकीच्या दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या रुळावर स्फोट झाला. स्फोट इतका किरकोळ होता की त्यानंतर थोड्याच वेळात मुकदेनकडे जाणारी गाडी त्या जागेवरून सुखरूप पुढे गेली. तरीही चिनी सैनिकांनी घातपात केला असे सांगून जपानच्या तिथल्या क्वांतुंग सैन्याने जवळच्या चिनी छावणीवर त्याच रात्री हल्ला चढवला आणि सकाळपर्यंत मुकदेन ताब्यात घेतले. स्फोट घडवणारे त्याच सैन्यातले अधिकारी होते. बेत इतागाकी आणि इशिवारा या दोघांनी रचला होता. टोकियोतल्या मंत्रिमंडळाने प्रकरण वाढवू नका असे कळवले. सैन्याने ते ऐकले नाही आणि ते ऐकत नाही म्हणून कोणाला शिक्षाही झाली नाही. माझ्या मते जपानच्या आधुनिक इतिहासात यापेक्षा घातक रात्र शोधणे कठीण आहे, कारण सरकारला न विचारता सैन्याला युद्ध सुरू करता येते हे त्या रात्री सिद्ध झाले.

यामागेही मंदी होती का? काही अंशी होती. जपानने जानेवारी १९३० मध्ये, अगदी चुकीच्या मुहूर्तावर, जुन्या चढ्या दराने सुवर्णपरिमाण पुन्हा स्वीकारले होते. अमेरिकेत रेशमाची मागणी आटली आणि कोषांवर संसार चालवणारी जपानी खेडी कर्जात बुडाली. १९३१ मध्ये ईशान्य जपानात पीकही बुडाले. तरुण लष्करी अधिकाऱ्यांतले पुष्कळ जण, आणि त्यांच्या हाताखालचे सैनिक तर बहुतेक, याच खेड्यांतले. पण मांचुरियाचा लोभ मंदीच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि मंदी आली म्हणून जपानने हल्ला केला असे सरळ समीकरण उत्तरपत्रिकेत मांडू नये. मंदीने हल्ल्याचे कारण पुरवले नाही. हल्ल्याला जाब विचारणारे हात मात्र तिने बांधून टाकले.

त्याच वेळी चीन कशातून जात होता हेही पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत ते एका वाक्यातही येत नाही. त्या उन्हाळ्यात यांगत्से आणि हुआई या नद्यांना विसाव्या शतकातल्या सर्वांत भयंकर पुरांपैकी एक पूर आला होता. हान्कौ शहरात रस्त्यांवरून होड्या चालत होत्या. ऑगस्टच्या अखेरीस गाओयौ सरोवराचा बांध रात्रीच्या वादळात फुटला आणि झोपेतली गावे वाहून गेली. बुडून, उपासमारीने आणि नंतरच्या पटकी-हगवणीने किती माणसे दगावली याचे अंदाज लाखांत जातात. चीनच्या राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख चँग कै-शेक यांचे सैन्य जिआंगशीमध्ये कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेत गुंतलेले होते, आणि मांचुरियाचे सरदार चांग श्वे-लिआंग स्वतः पेपिंगला (आजच्या बीजिंगला) होते व त्यांच्या सैन्याला प्रतिकार करू नका असे आदेश होते. अशा स्थितीत चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. ती तारीख २१ सप्टेंबर, पौंड सोन्यावरून उतरला तोच दिवस.

जिनिव्हातल्या वातावरणाचीही कल्पना यावी म्हणून सांगतो. १० सप्टेंबरला राष्ट्रसंघाच्या सभेत ब्रिटनचे लॉर्ड सेसिल यांनी, जगाच्या इतिहासात युद्धाची शक्यता इतकी कमी असलेला काळ क्वचितच आला असेल, अशा आशयाचे उद्गार काढले होते. आठव्या दिवशी मुकदेनचा स्फोट झाला. सेसिल मूर्ख नव्हते. युरोपात खरोखरच कोणाला युद्ध नको होते आणि कोणाजवळ त्यासाठी पैसाही नव्हता. पण युद्ध करायला पैसा नसणे आणि युद्ध थांबवायला पैसा नसणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

राष्ट्रसंघाने काहीच केले नाही असे लिहिण्याची पद्धत आहे, ती सोडावी. २४ ऑक्टोबरला जपानने १६ नोव्हेंबरपर्यंत सैन्य मागे घ्यावे असा ठराव १३ विरुद्ध १ मतांनी आला. विरोधी मत जपानचे होते आणि एकमताच्या नियमामुळे ठराव बंधनकारक ठरला नाही. १० डिसेंबरला चौकशी आयोग नेमण्याचे ठरले. त्याचे अध्यक्षपद मिळालेले लॉर्ड लिटन हे पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते आणि १९२५ मध्ये काही काळ त्यांनी हंगामी व्हाइसरॉय म्हणूनही काम पाहिले होते. आयोग मांचुरियाला पोचेपर्यंत १९३२ चा वसंत उजाडला आणि तोवर तिथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे राहिले होते. अपयश निष्क्रियतेचे नव्हते, उशिराचे आणि शक्तीचे होते. जपानवर आर्थिक बहिष्कार टाकायचा तर ब्रिटिश आरमार आणि अमेरिकन व्यापार या दोन्हींची गरज होती. आरमारात नुकताच पगाराचा संप झाला होता, आणि अमेरिका राष्ट्रसंघाची सभासदच नव्हती.

या सगळ्याचा हिंदुस्थानशी संबंध काय, हा प्रश्नाचा उरलेला भाग, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी शिकवला जातो. १९३१ म्हटले की आपल्याला ५ मार्चचा गांधी-आयर्विन करार, २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना लाहोरात दिलेली फाशी, कराची काँग्रेसचा मूलभूत हक्कांचा ठराव आणि दुसरी गोलमेज परिषद आठवते. १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मेही आठवायला हवेत. पण त्याच वर्षी रुपयाच्या बाबतीत जे घडले ते आपल्या खेड्यांतल्या पेट्यांपर्यंत पोचले.

२१ सप्टेंबरला पौंड घसरल्यावर सिमल्यातल्या हिंदुस्थान सरकारने त्याच दिवशी वटहुकूम काढून ठरावीक दराने सोने किंवा स्टर्लिंग विकण्याच्या बंधनातून स्वतःला मोकळे करून घेतले. रुपयाला आपली वाट शोधू द्यावी अशी अर्थसदस्य जॉर्ज शूस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची इच्छा होती. पण त्याच दिवशी लंडनमध्ये भारतमंत्री सॅम्युअल होर यांनी गोलमेज परिषदेच्या समितीत जाहीर केले की रुपया पूर्वीच्याच १ शिलिंग ६ पेन्स दराने स्टर्लिंगला बांधलेला राहील. सिमल्याला माघार घ्यावी लागली. हिंदुस्थानला स्वराज्य किती द्यायचे याची चर्चा जिथे चालू होती, त्याच टेबलावर हिंदुस्थानच्या चलनाचा निर्णय हिंदुस्थानातल्या सरकारलाही न जुमानता सांगितला गेला. तो सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनवार.

१ शिलिंग ६ पेन्सचा हा दर १९२७ पासून मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होता. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्ससाठी चलनविषयक आयोगावर असताना भिन्नमतपत्रिका जोडली होती. चढ्या रुपयामुळे कापूस निर्यात करणाऱ्याला कमी रुपये मिळतात, हा त्यांचा साधा मुद्दा होता. मंदीत शेतमालाचे भाव १९२९ च्या जवळपास निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोखीत आणि पूर्वीइतकाच, सावकाराचे व्याजही रोखीत आणि पूर्वीइतकेच. वऱ्हाड-खानदेशातल्या कापूसवाल्याला तेवढाच सारा भरायला आता दुप्पट कापूस विकावा लागत होता.

आणि इथे सोने बाहेर आले. सप्टेंबरपूर्वी सोन्याचा कायदेशीर दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. रुपया पौंडाबरोबर घसरल्यामुळे मुंबईत हा दर चढत जाऊन वर्षअखेरीस ३० रुपयांच्या आसपास पोचला. घरातल्या बाईच्या हातातल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या धरा. सप्टेंबराच्या आरंभी त्यांचे सुमारे १०६ रुपये आले असते, डिसेंबरात दीडशे. सारा थकलेला, सावकार दारात, आणि सराफ अचानक जवळपास दीडपट भाव देतो आहे. डाग मोडायला आणखी काय कारण हवे? गावच्या सराफाकडून तालुक्याला, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात आणि तिथे आटवून लगडी होऊन लंडनच्या बोटीवर, असा त्याचा प्रवास झाला. १९३१-३२ या आर्थिक वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले, आणि त्यातले जवळजवळ सगळे सप्टेंबरनंतरच्या सहा महिन्यांत.

हे लाचारीचे सोने होते की नफ्याचे, यावर तेव्हा कडाक्याचा वाद झाला. सरकारी बाजूचे म्हणणे असे की भाव चांगला आला म्हणून लोकांनी विकले, यात दुःख कसले. काँग्रेस आणि व्यापारी मंडळे निर्यातबंदीची मागणी करत राहिली आणि सरकारने ती मान्य केली नाही. माझा कल पहिल्या शब्दाकडे, म्हणजे लाचारीकडे, आहे. पण शहरातल्या पेढीवाल्याने नफ्यासाठी विकलेले सोनेही त्यात होते हे नाकारण्यात अर्थ नाही. एका गोष्टीबद्दल मात्र वाद नाही. या सोन्यामुळे लंडनला श्वास घेता आला, आणि हिंदुस्थानला स्टर्लिंगमधली आपली देणी भागवता आली. पौंडाच्या सावरण्याचे श्रेय ब्रिटिश काटकसरीला देणाऱ्या वर्णनांत या पाटल्यांचा उल्लेख सहसा नसतो.

बाकीच्या घटना थोडक्यात. स्पेनमध्ये १२ एप्रिलच्या नगरपालिका निवडणुकांत मोठ्या शहरांनी राजाविरुद्ध मत दिले आणि दोन दिवसांत तेराव्या आल्फोन्सोने देश सोडला. ११ डिसेंबरच्या वेस्टमिन्स्टर कायद्याने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका वगैरे वसाहतींच्या संसदांना ब्रिटिश संसदेच्या बरोबरीचे स्थान दिले. हिंदुस्थान त्यात नव्हता. सोव्हिएत रशियाने यंत्रे विकत घेण्यासाठी या वर्षी सुमारे ५० लाख टन धान्य निर्यात केले, आणि जगात धान्याचे भाव पडलेले असल्याने तेवढ्याच यंत्रांसाठी जास्त धान्य द्यावे लागले. पुढच्या दोन वर्षांतल्या युक्रेनच्या दुष्काळाचा विचार करताना हा आकडा विसरू नये. आपल्याकडे २६ फेब्रुवारीला झालेल्या जनगणनेतली जातवार आकडेवारी आरक्षणाच्या वादांत अनेक दशके उगाळली गेली. न्यूयॉर्कमध्ये १ मे रोजी एम्पायर स्टेट इमारत उघडली आणि भाडेकरू नसल्यामुळे ती बराच काळ रिकामीच राहिली.

परीक्षेच्या दृष्टीने एकच सूचना. १९३१ वरचा प्रश्न आला तर देशवार उत्तर लिहू नका, महिनेवार लिहा. देशवार लिहिले की ऑस्ट्रिया एका परिच्छेदात, जपान दुसऱ्यात आणि हिंदुस्थान शेवटी पुरवणीसारखा येतो. एका कागदावर सप्टेंबरच्या तीस चौकटी आखा आणि त्यांत हेगचा निकाल, सेसिल यांचे भाषण, गांधीजींचे १२ तारखेला लंडनला पोचणे, इन्व्हरगॉर्डन, मुकदेन, पौंड आणि रुपया एवढ्याच नोंदी करा. त्या महिन्यात लंडनच्या मंत्र्याला मांचुरियाचा विचार करायला किती तास उरले असतील हे चौकटी पाहूनच कळते.

डिसेंबरचा हिशेब राहिला. पौंडानंतर येनची पाळी हे ओळखून जपानी बँकांनी येन विकून डॉलर घेण्याचा सपाटा लावला होता. ११ डिसेंबरला टोकियोचे मंत्रिमंडळ पडले आणि १३ तारखेला नव्या सरकारचे अर्थमंत्री ताकाहाशी यांनी सोन्याची निर्यात बंद केली. येन वेगाने घसरला, जपानी कापड स्वस्त झाले आणि गिरणगावच्या मालासमोर येऊन उभे राहिले. हिंदुस्थानात ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्के करावी लागली ती त्यामुळे. २८ डिसेंबरला गांधीजी रिकाम्या हाताने ‘पिल्स्ना’ बोटीतून मुंबईला उतरले आणि आठवडाभरात, ४ जानेवारीला, त्यांना अटक झाली. ते उतरले त्याच बंदरातून त्या महिन्यात सोन्याच्या पेट्या चढवलेल्या बोटी सुटत होत्या, आणि पुढच्या आर्थिक वर्षात त्या सोन्याची किंमत ५८ कोटींवरून ६५ कोटींच्या वर गेली.